ओळखदार

पेण असो की रोहा, जमिनीचे खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलेल्या माणसाने पिढ्यानपिढ्या एक प्रश्न ऐकला आहे : ओळखदार आणलेत का? विकणारा समोर उभा असतो, त्याच्या हातात कागद असतात, कागदावर त्याचाच फोटो असतो. तरी दोन इसमांनी पुढे येऊन लिहून द्यायचे की आम्ही याला व्यक्तिशः ओळखतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने निबंधकावर जबाबदारी टाकली आहे : ‘मी अमुक’ म्हणणारा माणूस खरोखर अमुकच आहे ना, याची खात्री त्याने करून घ्यायची. निबंधकाची नोकरी बदलीची. परवा विदर्भातून आलेल्या अधिकाऱ्याला कोण कोणाचा हे कसे ठाऊक असणार? म्हणून ओळखदार. कायद्याच्या मनात गावातला कोणी जुना जाणता होता. पुढे राज्यातल्या कित्येक कचेऱ्यांबाहेर टपरीवर चहा पीत बसलेला इसमही शंभराच्या नोटेवर कोणालाही ‘व्यक्तिशः ओळखू’ लागला, ही गोष्ट वेगळी.

जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्यात नेमका हाच घोळ आहे. तिथे निबंधकाच्या खुर्चीत यंत्र बसले आहे आणि समोर तर कोणी उभेच नाही. इंटरनेटच्या मूळ आराखड्यात माणसाची ओळख पटवण्याची सोय नव्हती. निरोप कोणत्या यंत्राकडून आला ते कळे, यंत्रापुढे कोण बसले आहे ते कळत नसे. १९८२ साली ठरलेल्या ईमेलच्या नियमांत पाठवणाऱ्याच्या जागी वाटेल ते नाव घालता येत होते, पोस्टाच्या पाकिटामागे कोणाचेही नाव लिहावे तसे. त्यानंतरची चाळीसेक वर्षे तंत्रज्ञ मंडळी भारी भारी नावांखाली एकच काम करत आली आहेत. ती ओळखदार शोधत आहेत.

मराठी मुलखाला हे काम नवखे नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दलचा संशय पडला नाही. पत्नी पार्वतीबाईंनी त्यांना अखेरपर्यंत गेलेले मानले नाही. अशात उत्तरेकडून आलेला सुखनिधान नावाचा एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि त्याची रवानगी कैदेत झाली. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला. सुटला म्हणण्यापेक्षा सोडला गेला, कारण तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला भाऊ मानले. सुभेदार मानतो म्हटल्यावर किल्लेदार मानू लागले, किल्लेदार मानतात म्हटल्यावर शिबंदी मानू लागली, आणि पाहता पाहता कोकणातला बराच मुलूख या माणसाच्या नावाने चालू लागला. पेशव्यांच्या फौजेने मोडल्यावर समुद्रावाटे निसटू पाहणारा हा तोतया राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच. पुण्यात पंचांपुढे पुन्हा चौकशी झाली आणि त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांनी पुढे ‘तोतयाचे बंड’ या नाटकात त्याला रंगभूमीवरही आणले.

त्या माणसाचा चेहरा भाऊंशी किती जुळत होता यावर इतिहासप्रेमी हौसेने बोलतात. खरे पाहता कोकणातल्या बहुतेक किल्लेदारांनी भाऊंना कधी जवळून पाहिलेही नसेल. त्यांनी चेहऱ्यावर विश्वास ठेवला नाही, सुभेदारावर ठेवला. संगणकशास्त्रात याला विश्वासाची साखळी म्हणतात. एका कडीने दुसरीची हमी घ्यायची, दुसरीने तिसरीची. पहिलीच कडी फितूर निघाली तर पुढच्या सगळ्या कड्या प्रामाणिक असूनही खोटे बोलतात. कायद्याच्या मराठीने हा तोतया जपून ठेवला आहे. दुसऱ्याचे नाव घेऊन फसवण्याला आजही तोतयेगिरी म्हणतात. भारतीय न्याय संहितेचे ३१९ वे कलम त्यासाठी आहे, आणि संगणक किंवा फोन वापरून ती केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-डी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

कागदाच्या बाबतीत जुन्या मराठी कचेऱ्या फार सावध होत्या. पत्र कोणाचे आहे आणि पत्र लिहिले तसेच पोचले आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले होते. माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे लेखन इथे संपले. त्याखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती आपोआप उघडी पडे. कागद लांबला तर बंदाला बंद चिकटवायचा आणि जोडावर शिक्का उठवायचा, म्हणजे मधलाच बंद बदलता येत नाही. गावच्या महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगर असे, कुलकर्ण्यापुढे लेखणी, बलुतेदारांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. लिहिता न येणाऱ्याची ती सही होती. ती कोणालाही काढता आली असती हे खरे, पण महजर भरसभेत होई आणि निशाणी काढताना सगळे गाव बघत असे.

रोह्याच्या एका सहीची गोष्ट मात्र याच्या उलट आहे. रोह्यात वकिली करणाऱ्या द्वारकानाथ देशमुखांचा मुलगा चिंतामण. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण बरेचसे रोह्यातले. हे सी. डी. देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. गव्हर्नर म्हणून त्यांची सही नोटांवर छापली जाऊ लागली. देशातल्या बहुसंख्य लोकांना स्वतःची सही करता येत नव्हती त्या काळात रोह्याच्या या मुलाची सही त्यांच्या कनवटीला होती. ती कोणीही गिरवून पाहावी, हुबेहूब जमवावी. त्याने काही साधले नसते. नोटेचा भरवसा सहीवर नव्हताच. तो कागदात होता, जलचिन्हात होता आणि मागे उभ्या असलेल्या तिजोरीत होता. सगळ्यांना दिसते ती सही गुपित म्हणून निकामी असते. धनादेशावर मात्र आपण अगदी तशीच, सगळ्यांना दिसणारी सही करतो आणि तिला गुपिताचे काम सांगतो. बँकेतला कारकून डोळे बारीक करून नमुन्याशी ती ताडून पाहतो, त्यावर कारभार चालतो. सही दाखवल्याशिवाय उपयोगाची नाही, आणि दाखवली की चोरता येते.

दाखवता येईल पण चोरता येणार नाही अशी सही असू शकते, हे व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी तिचे चालणारे गणित दिले. ते समजून घ्यायला पेणच्या गणपती कारखान्यासारखी जागा नाही.

हमरापूर, जोहे, कळवे या पेण तालुक्यातल्या गावांत घरटी कारखाना म्हणावा इतके मूर्तिकार आहेत. प्रत्येकाची श्रीमंती त्याच्या साच्यात असते. साचा कारखान्यात कुलपात, मूर्ती बाजारात. डिजिटल सहीतही दोन गोष्टी असतात. एक खासगी किल्ली, जी मालकाने कोणालाही द्यायची नाही. ती साच्याच्या जागी. दुसरी जाहीर किल्ली, जी जगाला वाटून टाकायची. खासगी किल्लीने केलेली सही त्याच साच्यातून निघाली की नाही, हे जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते. उपमा इथवर बरी चालते आणि मग मोडते. पेणमध्ये एकाची नवी मूर्ती गाजली की दुसरा ती विकत आणतो, तिच्यावर रबर चढवतो आणि चार दिवसांत साचा तयार! मूर्तीवरून साचा काढता येतो, हीच मूर्तिकारांची जुनी डोकेदुखी. गणितात ही वाट बंद आहे. जाहीर किल्लीवरून खासगी किल्ली काढायची तर प्रचंड मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधावे लागतात, आणि आजच्या संगणकांना ते कोणत्याही मानवी मुदतीत जमत नाही.

शिवाय ही सही कागदागणिक वेगळी असते. आधी सगळ्या मजकुराचा एक ठसा काढतात. मजकूर पानभर असो की ग्रंथभर, ठसा ठरावीक लांबीचा, आणि एक अक्षर हलले तरी सगळा बदलणारा. सही त्या ठशावर होते. सातबाऱ्यावरच्या १२ गुंठ्यांचे कोणी २१ केले तर जुनी सही नव्या कागदावर बसत नाही. मोर्तब आणि जोडावरचा शिक्का, दोन्ही एकदम.

इतके झाल्यावर प्रश्न संपायला हवा होता. पण ही जाहीर किल्ली तलाठ्याची, हे सांगणार कोण? कोणीही एक जोडी बनवावी आणि म्हणावे, ही रोह्याच्या तहसीलदारांची किल्ली. गणित त्याला खोटे पाडू शकत नाही. गणिताला फक्त किल्ली कळते, माणूस कळत नाही. पुन्हा ओळखदार आला.

या ठिकाणी जगाने दोन वाटा धरल्या. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी नावाचा प्रोग्रॅम सोडला, त्यात ओळखदार म्हणजे शेजारीपाजारी. मी तुझ्या किल्लीवर सही करतो, तू त्याच्या किल्लीवर कर. आपल्या ओळखीतल्या दोघातिघांनी हमी घेतली असेल तर माणूस खरा. यासाठी संगणकवाले लोक ओळखपत्रे घेऊन एका खोलीत जमत आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करत. थेट गावकीची पद्धत. ती गोड होती आणि गावापुरतीच राहिली. दुसरी वाट सरकारी थाटाची. वर एक मूळ अधिकारी, त्याने काही संस्थांना परवाना द्यायचा, त्या संस्थांनी माणसांना प्रमाणपत्र द्यायचे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला आणि त्याखाली प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक हे पद आले. देशातल्या प्रत्येक कायदेशीर डिजिटल सहीची साखळी शेवटी त्याच्या मूळ किल्लीपर्यंत जाते.

या साखळीचे खालचे टोक पेण तालुक्यातल्या ग्रामपंचायतीतही आहे. त्याला तिथे डोंगल म्हणतात. पेनड्राइव्हसारखी ही कांडी, एक सरपंचाची, एक ग्रामसेवकाची. आत दोघांच्या खासगी किल्ल्या. वित्त आयोगाच्या निधीतला पैसा या दोन सह्यांखेरीज हलत नाही. गणिताने जे कुलूप अभेद्य केले ते आपल्याकडे अनेकदा डेटा ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डची चिठ्ठी गुंडाळून पडलेले असते. सरपंचबाईंची कांडी त्यांच्या यजमानांच्या खिशात असणे हे तर या व्यवस्थेचे खास मराठी रूप. सही बाईंची, कायद्याने शंभर टक्के खरी. फक्त करणारा हात दुसरा.

डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या, तलाठ्याच्या शिक्क्यावाचून, खाली पडताळणीचा क्रमांक. परदेशात स्थायिक झालेल्या रोहेकरांना ही केवढी सोय. पण सरकारने डिजिटल सही केलेली पीडीएफ उघडली की सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि शेजारी ‘वैधता अज्ञात’ असा इंग्रजी शेरा, हा अनुभव ई-आधार उतरवून घेणाऱ्या कोट्यवधी भारतीयांना आला आहे. हिरवी खूण यावी म्हणून कुठे क्लिक करायचे याच्या पायऱ्या आधार प्राधिकरणाने आपल्या संकेतस्थळावर दिल्या आहेत.

प्रश्नचिन्ह का येते? सही खोटी असते म्हणून नव्हे. पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे स्वतःची एक यादी असते, मी कोणाकोणाला मूळ ओळखदार मानतो त्यांची. ती यादी कॅलिफोर्नियातली एक कंपनी ठेवते. त्या यादीत भारताचा नियंत्रक नसेल तर तिच्या लेखी तो ‘कोणाचा कोण’. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तपासणाऱ्या ब्राउझरचेही तसेच. मायक्रोसॉफ्टची यादी वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, अॅपलची वेगळी. कोणत्या देशाच्या हमीला जगात किंमत हे ठरवणारी चारपाच खासगी दप्तरे आहेत आणि आपण त्यांना कधी मत दिलेले नाही.

याचा राग यायच्या आधी दोन घटना लक्षात घ्याव्या लागतात. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसून कोणीतरी गुगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांच्या जोरावर इराणमधल्या सुमारे तीन लाख पत्त्यांवरचा गुगलशी होणारा व्यवहार मधल्या मध्ये वाचला गेला असावा, असे चौकशीत दिसले. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह सगळ्यांना दिसत होते, कारण डिजिनोटार यादीत होती. गवगवा झाल्यावर ब्राउझरवाल्यांनी तिला यादीतून काढले आणि त्याच सप्टेंबरात तिचे दिवाळे निघाले. दुसरी घटना आपल्या घरची. जुलै २०१४ मध्ये गुगलला स्वतःच्या नावाची अशीच बेकायदा प्रमाणपत्रे सापडली, आणि ती भारताच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, नावे निघालेली होती. नियंत्रकाने ती तातडीने रद्द केली. धोका मुख्यतः विंडोजवाल्यांना होता, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारत होता; फायरफॉक्स वापरणारे बचावले, कारण त्याच्या यादीत तो नव्हता. पिवळ्या प्रश्नचिन्हामागे असा थोडा इतिहास आहे.

या दोन धक्क्यांमधल्या काळात जो उपाय आकाराला येत होता, तो चावडीवर बसणाऱ्या कोणालाही सुचला असता. जमिनीचा फेरफार करायचा तर तलाठी चावडीवर नोटीस लावतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. खरेदीआधी वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. रायगडातल्या वर्तमानपत्रांची पाने त्यांनी भरलेली असतात. २०१३ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी हेच प्रमाणपत्रांसाठी मांडले : कोणत्याही संस्थेने कोणालाही प्रमाणपत्र दिले की त्याची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशा, खोडता न येणाऱ्या वहीत करायची. माझ्या नावाने दुसऱ्याच कोणी काढले तर मला दिसेल. २०१८ पासून क्रोमने ही नोंद सक्तीची केली. ओळखदार खोटे बोलणार नाही अशी आशा सोडून दिली आणि तो खोटे बोलला तर गावाला कळेल एवढी तजवीज केली.

हे सगळे पडद्यामागचे. हमरापूरच्या कारखानदाराच्या हातात असतो तो व्हॉट्सअ‍ॅप. पेणच्या मूर्ती अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. समुद्राने जायच्या म्हणून कंटेनर गणपतीच्या कितीतरी आधी न्हावा-शेव्याहून हलतो, आणि त्याच्याही आधी सौदा फोनवर ठरतो. परदेशाचा नंबर, मंडळाचे नाव, डीपीवर मागच्या वर्षीच्या आरतीचा फोटो. आगाऊ रक्कम कोणी कोणाला आणि कशाच्या भरवशावर द्यायची? व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद केले. प्रत्येक संपर्काच्या माहितीत एक साठ अंकी सुरक्षा कोड असतो. दोघांच्या फोनवर तो सारखा असेल तर मध्ये कोणी कान लावलेला नाही. तो मुद्दाम ताडून पाहणारा माणूस विरळाच. आणि पाहिला तरी त्यातून कळते ते एवढेच की ज्याच्याशी बोलतो आहोत त्याच्याशीच बोलतो आहोत. तो कोण, हा प्रश्न तसाच राहतो. चोराशीही अत्यंत सुरक्षितपणे बोलता येते.

निळ्या खुणेने हा प्रश्न सुटेल असे काही वर्षे वाटले. ट्विटरने ती २००९ मध्ये आणली, नामांकित माणसाच्या नावाने दुसऱ्याने खाते उघडल्यावरून झालेल्या दाव्यानंतर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना आठ डॉलरला विकत मिळू लागली. लगेच कोणीतरी एली लिली या औषध कंपनीचे नाव घेऊन, निळ्या खुणेसह, इन्सुलिन यापुढे फुकट असे जाहीर केले. टपरीवरच्या शंभराच्या ओळखदारासारखाच हा प्रकार, दर तेवढा वाढलेला.

मग शरीरच का वापरू नये? कल्पना भारतातच रुजलेली आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या पुरवठादाराच्या पंज्याचा ठसा कागदावर घेतला. करार त्याने नाकारू नये एवढाच हेतू होता. त्या ठशाचा वंशवृक्ष २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पोचला, जिथे देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांभोवतीचे पडदे, चेहरा. क्रमांक बारा अंकी, त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला, म्हणजे लिहिताना एक आकडा चुकला तरी यंत्राला चूक कळावी.

रेशन दुकानात मात्र एक वाक्य ऐकू येते : अंगठा लागत नाही. खारेपाटातल्या मिठागरात मीठ ओढणारे, भातलावणीत आठवडेच्या आठवडे चिखलात राबणारे, प्लॅस्टरमध्ये हात बुडवणारे, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. निरक्षराची सही म्हणून गाजलेला अंगठा कष्टकऱ्यालाच दगा देतो. आणि त्याचा दुसरा दोष तर देशमुखांच्या सहीसारखा. तो सगळीकडे उमटलेला असतो. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे बनवून लोकांच्या नावे सिमकार्डे चालू केल्याचे उघड झाले. मूर्तीवरून साचा! पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलून मिळत नाही. फार तर आधारच्या अॅपमध्ये त्याला कुलूप लावता येते.

टेंभलीला पहिले आधार वाटले गेले त्याच सप्टेंबर २०१० मध्ये पेणमध्ये दुसरेच काही घडत होते. रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि शिक्षक, शेतकरी, मूर्तिकार, निवृत्त माणसे यांच्या ठेवी अडकल्या. पुढची कित्येक वर्षे मोर्चे आणि कोर्टाच्या तारखा यांत गेली. तपासात पुढे आलेला मुख्य आरोप असा, की बनावट कर्जखात्यांमधून शेकडो कोटी रुपये वळवले गेले. ‘आपला ग्राहक ओळखा’ हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००२ पासून होता. ठेवीदाराच्या बाबतीत तो पाळलाही जात होता : पासबुक, फोटो, ओळखीच्या सभासदाची सही. कर्जदाराच्या खात्यामागे माणूस आहे की नाही हे पाहायचे काम ज्यांचे, आरोप त्यांच्यावरच. संगणक फोडून कोणी आत शिरले नव्हते. रत्नागिरीच्या सुभेदाराची आठवण व्हावी असे हे प्रकरण आहे.

बँकांच्या नावाने बाहेरून होणारी तोतयेगिरी रोखायला आता रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने भारतीय बँकांसाठी संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘बँक डॉट इन’ हे राखीव आडनाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्यावर जाण्याची मुदत दिली. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था बँकेखेरीज कोणालाही हे आडनाव देत नाही. बँकांचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत हेही त्याच धोरणातले. कोकणात आडनावावरून गाव, गावावरून वाडी आणि वाडीवरून घर कळते, त्यातलीच ही युक्ती. आडनाव वाटणारा चोख राहिला तर ती टिकेल.

फोनवरच्या ‘डिजिटल अटके’ला मात्र आडनावाची गरज लागत नाही. पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओवर येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, आधारचा क्रमांक अचूक वाचून दाखवतो आणि माणूस गळाठतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये यावर बोलावे लागले. असा काही कायदाच नाही, तक्रार १९३० या क्रमांकावर करायची. या प्रकारात सगळे जग उलटे फिरले आहे. ओळख मागायचा हक्क नागरिकाचा असताना तोच घाबरून ओळख देत सुटतो. धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यासारख्या निर्यातदारांना गाठायची तऱ्हा याहून शांत असते. परदेशी ग्राहकाच्याच नावाने, एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावरून ईमेल येते : आमचे बँक खाते बदलले आहे.

पडताळायला फोन करावा, हा जुना सल्ला. तोही आता लंगडा झाला. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वित्तप्रमुख आणि सहकारी डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. बैठकीतली बाकीची सगळी माणसे संगणकाने बनवलेली होती. आवाजाची नक्कल करायला तर आता थोडेसे ध्वनिमुद्रण पुरते, आणि लग्नाच्या व्हिडिओत प्रत्येकाचे बोलणे असतेच.

म्हणून सायबर सुरक्षेचे जाणकार आता कुटुंबांना एक अगदी साधी गोष्ट सांगतात : घरात एक परवलीचा शब्द ठरवा. मुलगा परदेशातून रडत पैसे मागू लागला की आधी तो विचारा. मराठी घरांत याचा तयार साठा असतो. आधारवर नसलेली, शाळेच्या दाखल्यावर नसलेली, फक्त आजीने हाक मारायची म्हणून उरलेली टोपणनावे. विहिरीत पडलेल्या म्हशीचे नाव. ज्या काकांशी कोणी बोलत नाही त्यांना घरात दिलेली उपाधी. यातला कोणताही शब्द कुठल्याही सर्व्हरवर नाही. फक्त तो व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ठरवायचा नाही. गणपतीला रोह्याच्या गाडीने सगळे घरी येतात, तेव्हा पडवीत बसून तोंडी सांगायचा.